शंभर लिटर पाणी आणि अंगणभर मुले

उन्हाळी सुट्टी लागायला आता थोडेच दिवस उरले आहेत. आपल्या शाळेतले मराठी कॅडेट कोल्हापूर, लातूर, बेळगावपासून ते वडिलांचे युनिट जिथे असेल त्या छावणीपर्यंत सगळीकडे पांगतील. घरी गेल्यावर पहिले दोन दिवस झोप आणि आईच्या हातचे जेवण यांत जातात. तिसऱ्या दिवशी लक्षात येते की धाकटे भावंड जरा लांबूनच आपल्याकडे बघते आहे. मधल्या महिन्यांत त्याची उंची वाढलेली असते, पुढचे दात पडलेले असतात आणि सकाळी पाचला आपोआप उठून बसणारा हा दादा किंवा ही ताई त्याला अर्धी अनोळखी वाटते. हाऊस मास्टर म्हणून दरवर्षी पालकांकडून मी हे ऐकतो. अशा वेळी गप्पांपेक्षा एखादी वस्तू दोघांनी मिळून तयार करणे जास्त उपयोगी पडते. म्हणून या पानावर मी तीन घरगुती जलखेळ सांगणार आहे. ते करायला दोन दुपारी पुरतात, सामान कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि वर्गात शिकलेले भौतिकशास्त्र त्यात जागोजागी भेटते.

हे तिन्ही खेळ मी गेल्या मे महिन्यात स्टाफ क्वार्टर्सच्या मागच्या अंगणात केले. खेळायला सहा मुले, वय वर्षे तीन ते नऊ. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी तासभर येते, त्यामुळे पत्नीने पहिल्याच दिवशी अट घातली : "दिवसाला शंभर लिटर. वर एक तांब्याही मिळणार नाही." सहा मुलांना शंभर लिटर म्हणजे फारच कमी, असे कोणालाही वाटेल. तो हिशेब कसा बसतो, हे आधी सांगतो.

गारवा कशाने येतो?

पुष्कळ पाणी ओतले म्हणजे पुष्कळ गारवा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ओल्या अंगाला गार वाटते ते मुख्यतः बाष्पीभवनामुळे. त्वचेवरचे एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. २० किलो वजनाच्या मुलाच्या शरीराचे तापमान एक अंशाने उतरवायला साधारण ७० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. म्हणजे कागदावरच्या हिशेबाने अंगावरचे जेमतेम ३० ग्रॅम पाणी, दोन मोठे चमचे, वाळले तरी पुरे. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतूनही घेतली जाते आणि शरीर स्वतःही उष्णता तयार करत असते, त्यामुळे आकडा तंतोतंत उतरत नाही. तरी मुद्दा कळतो : अंग ओले राहिले पाहिजे आणि वारा लागला पाहिजे. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. मुंबई किंवा चेन्नईच्या दमट हवेत बाष्पीभवन मंद होते, तिथे हा परिणाम कमी जाणवेल. विदर्भात, मराठवाड्यात किंवा राजस्थानात चांगला जाणवेल.

आता पाण्याचा खर्च. आमची साधी अर्ध्या इंची नळी पूर्ण सोडली की २० लिटरची बादली १०० सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. मुलांच्या हातात ती नळी वीस मिनिटे दिली तर २४० लिटर पाणी जाते आणि त्यातले बरेचसे कोणाच्याही अंगावर न पडता जमिनीवर जाते. तुमच्या घरची नळी किती पाणी देते हे घड्याळ लावून आधी मोजा. हे मोजमाप धाकट्या भावंडाकडून करून घेतले तर त्याला पाढेही आपोआप येतात.

पहिला खेळ : फवाऱ्याची कमान

सामान : अर्ध्या इंची पीव्हीसी पाईप सहा मीटर, दोन एल्बो, दोन टी, तीन एंड कॅप, नळी बसेल असा एक निपल, नळी आवळायला क्लिप, पाईपचे सोल्युशन, एक मिलीमीटरचे ड्रिल बिट.

पाईपचे तुकडे असे करा : १५० सेंटीमीटरचे दोन खांब, १०० सेंटीमीटरची एक आडवी दांडी आणि पायांसाठी ३० सेंटीमीटरचे चार तुकडे. सगळे मिळून ५ मीटर २० सेंटीमीटर होतात, थोडा पाईप उरतो. खांब वरच्या दांडीला एल्बोने जोडायचे. खाली प्रत्येक खांब टीमध्ये बसवायचा आणि टीच्या दोन बाजूंना पुढे-मागे एकेक पाय लावायचा. पायांची चार टोके होतात. तीन टोकांना कॅप, चौथ्याला निपल आणि त्यावर नळी. प्रत्येक पायावर एकेक वीट ठेवली की कमान हलत नाही.

दांडीला छिद्रे जोडणीच्या आधी पाडा. ८ सेंटीमीटर अंतराने १२ छिद्रे, सगळी एका ओळीत, तोंडे खाली येतील अशी. पाईप वर्गात बाकाला बांधतो तसा घट्ट बांधून घ्या आणि ड्रिल सरळ धरा, कारण एक मिलीमीटरचे बिट तिरक्या जोराने लगेच तुटते. काम मोठ्यांनी करायचे. धाकट्याने पट्टी धरून खुणा करायच्या. छिद्रांच्या कडा पॉलिश पेपरने घासा. पाईपच्या आत राहिलेला भुसा काढायला एक कॅप न लावता मिनिटभर पाणी सोडा, नाहीतर तोच भुसा छिद्रांत अडकतो. सोल्युशन फक्त वरच्या दोन एल्बोंना लावा. खालचे जोड नुसते दाबून बसवले तरी टाकीच्या दाबाला टिकतात आणि सुट्टी संपल्यावर कमान मोडून माळ्यावर टाकता येते. सोल्युशन मोकळ्या हवेत लावा, एक दिवस वाळू द्या आणि मुलांना आत सोडण्याआधी पाईप धुऊन घ्या.

छिद्र एक मिलीमीटरचेच का, याचे उत्तर अकरावीच्या पुस्तकात आहे. आमच्या टाकीतली पाण्याची पातळी जमिनीपासून सुमारे ५ मीटरवर आणि दांडी दीड मीटरवर, म्हणजे मधली उंची साडेतीन मीटर. सतराव्या शतकात इटलीच्या टॉरिचेलीने दाखवले की छिद्रातून निघणाऱ्या पाण्याचा वेग हा तेवढ्या उंचीवरून मोकळ्या पडणाऱ्या वस्तूच्या वेगाइतका असतो. सूत्राने तो सेकंदाला ८.३ मीटर येतो. एका छिद्राचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिलीमीटर. नुसता गुणाकार केला तर बारा छिद्रांतून मिनिटाला ४.७ लिटर पाणी यायला हवे. पण धार छिद्रातून बाहेर पडताना आक्रसते, त्यामुळे प्रवाह साधारण साठ टक्क्यांवर येतो : २.९ लिटर. मी बादली धरून मोजले तेव्हा मिनिटाला पावणेतीन लिटर भरले. छिद्राचा व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते आणि खर्चही चौपट. म्हणून दुकानदाराने "दोन मिलीमीटरचे बिट घ्या, तुटत नाही" असे सांगितले तरी एक मिलीमीटरचेच घ्या.

आमच्याकडे कमान वीस मिनिटे चालायची, पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत. शिट्टी वाजली की पाणी सुरू, दुसरी शिट्टी वाजली की बंद. मधल्या वेळात ओल्या अंगाने पळापळ, आणि खरा गारवा त्याच वेळी. एकूण खर्च ५५ लिटर. कमान एक दिवस लिंबाच्या आळ्याजवळ, दुसऱ्या दिवशी कढीपत्त्याजवळ, असे केले की झाडांना वेगळे पाणी घालावे लागत नाही. त्यासाठी एकच पथ्य : पाण्यात रंग नाही, साबण नाही.

दुसरा खेळ : पाण्याची भिंत आणि पाणचक्की

जुनी बाज किंवा लोखंडी खाट भिंतीला टेकवून उभी करा आणि वरून-खालून सुतळीने खिडकीला पक्की बांधा. हालवून बघा, ती मुलाच्या अंगावर येता कामा नये. तिच्यावर सात-आठ प्लास्टिकच्या बाटल्या, बूड कापून, तोंड खाली करून, सुतळीने अशा बांधा की एकीतले पाणी दुसरीत पडेल. मध्ये एखादे नरसाळे, एखादा उभा चिरलेला पाईपचा तुकडा तिरका बांधला की पाण्याची वाट लांबते. कापलेल्या कडांवर चिकटपट्टी लावायला विसरू नका. सगळ्यात खाली घमेले किंवा टब ठेवा. मुले मगाने वर पाणी ओततात, ते खाली टबात येते, पुन्हा वर जाते. २० लिटर पाण्यात तासभर खेळ चालतो.

बाटल्यांची झाकणे वेगवेगळी ठेवा. एकाला एक छिद्र, दुसऱ्याला तीन, तिसरी बाटली बिनझाकणाची. कुठली आधी रिकामी होईल यावर आमच्याकडे रोज पैजा लागत. एक बाटली मात्र बूड न कापता बांधा, तिच्या बुडाला एक लहान छिद्र आणि झाकणाला एक छिद्र पाडा. बुडाचे छिद्र बोटाने दाबले की खालची धार थांबते, बोट काढले की सुरू होते. वरून हवा आत आली नाही तर बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला खाली पडू देत नाही. शेजारची पाच वर्षांची मुलगी हे अर्धा तास करत होती आणि मग मला म्हणाली, "अंकल, ये बोतल मेरी बात मानती है." हवेचा दाब शिकवताना तिची बाटली मी आता वर्गात नेतो.

शेवटच्या बाटलीच्या धारेखाली पाणचक्की लावा. जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून सात सेंटीमीटर व्यासाची चकती कापा. कडेला समान अंतरावर आठ चिरा द्या आणि त्यांत दांडे आखूड केलेले प्लास्टिकचे चमचे घट्ट खोचा. सगळे चमचे एकाच दिशेने वळलेले हवेत. मध्यातून सायकलच्या चाकाची तार घाला, तिची टोके पट्टीने गुंडाळा आणि दोन विटांच्या मध्ये टेकवा. धार चमच्याच्या खोलगट बाजूवर पडली पाहिजे.

चमचाच का, सपाट पट्टी का नको? सपाट पट्टीवर आदळलेले पाणी तिथेच थबकते आणि बाजूला पसरते. खोलगट चमच्यात शिरलेले पाणी वळून उलट दिशेला फेकले जाते. पाण्याच्या संवेगातला बदल त्यामुळे जवळजवळ दुप्पट होतो आणि तेवढाच जास्त धक्का चाकाला मिळतो. अमेरिकेत लेस्टर पेल्टनने १८८० साली याच तत्त्वावरच्या चाकाचे पेटंट घेतले. त्याच्या चाकावर जोडवाट्या असतात. घाटावरून खूप उंचीने पडणाऱ्या पाण्यासाठी पेल्टनचे चाक योग्य ठरते. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले ते याच जातीच्या चाकांवर. आणि छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तर तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिली असेल. डोंगराकडून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंचावरून पाडून तिथे दळणाचे जाते फिरवत असत.

तिसरा खेळ : पिचकारी आणि तिची रेंज

बांबूची पिचकारी आपल्याकडे रंगपंचमीला करत आले आहेत. एका बाजूला पेर राहील असा ३० सेंटीमीटरचा बांबूचा तुकडा घ्या, पेराच्या मध्यावर दोन मिलीमीटरचे छिद्र पाडा. काठीच्या टोकाला सुती कापड गुंडाळून दोऱ्याने आवळा. ओले झाल्यावर ते फुगते आणि आत घट्ट बसते. बांबू मिळाला नाही तर एक इंची पाईप आणि एंड कॅप चालते.

बांबूचा आतला व्यास २५ मिलीमीटर आणि छिद्र २ मिलीमीटर असेल तर क्षेत्रफळांचे गुणोत्तर साडेबाराचा वर्ग, म्हणजे सुमारे १५६. दट्ट्या सेकंदाला ५ सेंटीमीटर सरकला तरी धार सेकंदाला जवळपास आठ मीटर वेगाने निघते. धार चार-पाच मीटर सहज जाते ती यामुळे.

इथे रेंजची शिस्त लागू करा. भिंतीवर प्लास्टिकचे पेले मांडा, जमिनीवर खडूची रेघ मारा. रेघेच्या पुढे कोणी नाही, तोंडावर नेम नाही, हुकूम झाल्याशिवाय धार नाही. दहा लिटरच्या एका बादलीत सहा जणांची स्पर्धा होते.

पाण्याच्या पिचकारीची एक गोष्ट तुम्हांला आवडेल. लॉनी जॉन्सन हा अमेरिकन हवाई दलात काम केलेला अभियंता नासाच्या गॅलिलिओ यानाच्या प्रकल्पावरही होता. १९८२ साली घरी तो पाण्यावर चालणारा उष्णता-पंप तयार करत होता. न्हाणीघरात नोझल जोडून बघताना जोरदार धार सुटली आणि त्याला खेळण्याची कल्पना सुचली. पहिला नमुना त्याने पीव्हीसी पाईप आणि शीतपेयाची बाटली वापरून केला आणि आपल्या लहान मुलीच्या हातात दिला. ते खेळणे बाजारात यायला १९९० साल उजाडले. पुढच्या वर्षापासून ते 'सुपर सोकर' या नावाने जगभर खपले.

ही गोष्ट सांगितली की वर्गात कोणीतरी विचारतेच, "सर, सायकलच्या पंपाने पाईपमध्ये हवा भरली तर?" उत्तर स्पष्ट आहे : भरायची नाही. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे पाण्याने भरलेला पाईप तडकला तर गळतो. दाबलेल्या हवेत ऊर्जा साठलेली असते. पाईप फुटला तर पीव्हीसीच्या धारदार चिपा उडतात.

गमछा ज्याच्या खांद्यावर, पहारा त्याचा

आता सर्वांत महत्त्वाचे. पालकांनीही हा भाग वाचावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मृत्यू पावली आणि त्यांतली साधारण एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. लहान मुलाला बुडायला विहीर लागत नाही. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकले आणि तोल गेला तर त्याला स्वतःहून वर येता येत नाही. आणि हे बहुधा आवाज न होता घडते. हाक नाही, रडणे नाही.

म्हणून आमच्या अंगणात एक नियम होता. पाणी बाहेर असेपर्यंत एका मोठ्या माणसाच्या खांद्यावर लाल गमछा. गमछा म्हणजे ड्यूटी. त्याने मोबाईल बघायचा नाही, पेपर वाचायचा नाही, भाजी निवडायची नाही. आत जायचे असेल तर दुसऱ्याच्या खांद्यावर गमछा ठेवून "सहा मुले, ड्यूटी तुमची" असे मोठ्याने म्हणायचे, समोरच्याने मुले मोजून "सहा, घेतली" म्हणायचे. संत्री बदलताना होते तसेच. 'सगळेच जण होते' अशा अंगणात प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी बघतो आहे. पहिल्या दिवशी सासूबाईंना याचे हसू आले होते. आठवड्याने त्याच गमछा मागून घ्यायला लागल्या.

बाकीच्या सूचना थोडक्यात :

नळी उन्हात पडलेली असेल तर तिच्यातले पहिले पाणी चटका बसण्याइतके तापलेले असते. ते बादलीत काढा, हाताने तपासा, मगच मुलांवर सोडा. ती बादली मुलांपासून दूर ठेवा.

टबातले पाणी पुन्हा वर चढवायला कूलरचा पंप लावण्याचा मोह होईल. तो २३० व्होल्टवर चालतो. ओली मुले, ओली जमीन आणि विजेची वायर एकत्र नको. मगाने ओतण्यातच खेळ आहे.

ताडपत्रीवर पाणी टाकून छातीवर घसरण्याचा खेळ तुम्ही कॅडेटांनी करू नये. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९३ साली अशा घसरपट्टीबद्दल किशोरवयीन मुले आणि प्रौढ यांना इशारा दिला होता. मोठ्या वजनाचे शरीर वेगाने येऊन अचानक थांबले की धक्का मानेवर आणि मणक्यावर बसतो.

वेळ संध्याकाळची, साडेचारनंतरची, सावलीतली ठेवा. मुले खेळताना पाणी पितातच, म्हणून पाणी रोज ताजे घ्या. जुलाब होत असलेल्या मुलाला त्या दिवशी खेळ नाही. खेळ संपला की सगळी भांडी रिकामी करून पालथी घाला. पालथ्या बादलीत मूल पडत नाही आणि डासही अंडी घालत नाहीत.

हिशेब असा : कमान ५५ लिटर, भिंत आणि चक्की २०, पिचकारी १०, पाय धुवायला १५. एकूण १००. टबातले उरलेले पाणी शेवटी मोगऱ्याला.

सुट्टीत जो कोणी कमान करेल त्याने टाकीची उंची, छिद्रांची संख्या आणि मिनिटाला भरलेले पाणी एका कागदावर लिहून आणावे. वर्ग सुरू झाल्यावर ते सगळे आकडे फळ्यावर मांडू आणि टॉरिचेलीच्या सूत्राशी ताडून पाहू. धाकट्या भावंडाने खुणा केल्या असतील तर कागदावर त्याचेही नाव लिहा.